कढीपत्त्यावरच्या हिरव्या अळ्या: माराव्या का राहू द्याव्या?

अंगणातली सून, लातूर
आमचा कढीपत्ता अळ्यांनी पार खराटा केलाय. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा सासूबाईंनी तांदूळ धुतलेलं पाणी घालून हे झाड जगवलं, त्यामुळं त्यांचा लई जीव आहे त्याच्यावर. शेजारचे काका फवारणीचा पंप घेऊन तयार आहेत. अळी हिरवी, बोटाएवढी. काडी लावली की डोक्यामागून लाल शिंगं काढते अन् उग्र वास सोडते. काय करू?

रिटायर मास्तर, अंबाजोगाई
ताई, पंप काकांकडंच राहू द्या. रोज फोडणीत पडणाऱ्या पानावर विष कशाला? ही फुलपाखराची अळी. लिंबू, कढीपत्ता, बेल एकाच कुळातले. काळं फुलपाखरू त्यांच्या कोवळ्या पानावर सुटं सुटं अंडं घालतं. लहानपणी अळी पाखराच्या शिटेसारखी दिसते, म्हणून तुमच्या नजरेतून सुटली असेल. ती शिंगं डसत नाहीत, नुसती भीती घालायला. दोन-तीन आठवडे खाते, मग कमरेला धागा बांधून काडीला कोष करते.

मी मागच्या पावसाळ्यात ५ अळ्या मोजून ठेवल्या होत्या. तीन बुलबुलानं पिलांना नेल्या, एका कोषातून बारक्या गांधीलमाश्या निघाल्या, उडालं एकच. मी खट्टू झालो. नातू मात्र बुलबुलाच्या पिलांवरच खूश!

मोसंबीवाला, जालना
मास्तर, घरी ठीक आहे. आमच्या कलमांवर हीच अळी आली की रोप बोडकं. बारक्या रोपावरच्या हातानं वेचा अन् लिंबूच्या मोठ्या झाडावर सोडा. ताईंचं झाड जुनं आहे, मरत नाही. शेंडे खुडा, जोमानं फुटेल.

अंगणातली सून, लातूर
पंप परत गेला. काका जरा रुसलेत. सासूबाई आता कुणाला पानं द्यायच्या आधी डहाळी उलटीपालटी करून बघतात. पाण्याचं परळ ठेवलं तर बुलबुल यायला लागले, अन् त्यांच्या मागं मांजर. त्याचं काय करू?

रिटायर मास्तर, अंबाजोगाई
परळ झुडपाच्या आडोशाला नको, मांजर तिथंच दबा धरतं. मोकळ्यावर, उंच टांगा. आत एक खडबडीत दगड ठेवा, मधमाश्यांना बसायला. नाहीतर बुडतात बिचाऱ्या. पाणी रोज ओतून परळ घासा, डास होतात. ओतलेलं कढीपत्त्यालाच जाऊ द्या.