राउटरमधल्या कोणत्या बॅकग्राउंड प्रोसेस बंद करता येतील? तातडीने मदत हवी आहे

रात्रपाळी
ऑफिसचा राउटर कालपासून रखडतोय. सीपीयू ९५ टक्क्यांच्या खाली येत नाही. वेबपानं अर्धी उघडून थांबतात, कॉलवर आवाज तुटतो. मी लॉगिन केलं तर टाइप केलेलं अक्षर उमटायलाच दोन सेकंद लागतात. शो प्रोसेसेस ही कमांड दिली तर ही भली मोठी यादी! नेट बॅकग्राउंड, आयपी बॅकग्राउंड, टीटीवाय बॅकग्राउंड, चेक हीप्स, पर-मिनिट जॉब्स... यातलं निम्मं मी कधी चालूच केलेलं नाही. कोणत्या बंद केल्या तर चालतील आणि कमांड काय, एवढंच सांगा. हेल्पमध्ये किल, म्हणजे प्रोसेस बंद करायची कमांड, कुठे सापडत नाही. सिस्टिम आयओएस आहे. सोमवारी सगळे कामावर यायच्या आत सुटायला हवं.

सरळमार्ग
रीस्टार्ट करून बघा आधी. माझ्याकडे दर वेळी त्यानेच सुटलंय.

मोरपीस
आयओएसमध्ये बॅकग्राउंडला चालणारी अ‍ॅप्स बंद करता येतात. सेटिंग्ज, मग जनरल, मग बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश. माझ्या फोनची बॅटरी त्यानंतर बरीच टिकायला लागली.

दिवटी
@मोरपीस, इथे फोनचं नाही, सिस्कोच्या राउटरचं आयओएस चाललंय. नाव एकच आहे. २०१० मध्ये अ‍ॅपलने ते सिस्कोकडून परवाना घेऊन वापरायला सुरुवात केली.

@रात्रपाळी, चार गोष्टी द्या: शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेडच्या वरच्या दहा ओळी, शो व्हर्जन, राउटरवर काय काय जोडलंय आणि काल काय बदललं.

रात्रपाळी
रीस्टार्ट दोनदा झालंय. २० मिनिटं बरं चालतं, मग पुन्हा तेच. बदललं काहीच नाही. पहिली ओळ अशी: पाच सेकंदांसाठी ९७%/२१%, एक मिनिट ९६%, पाच मिनिटं ९५%. मी कोणत्या बंद करू ते विचारलंय, त्याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही.

आलेखवेडा
मी पैजेवर सांगतो, एसएनएमपी (देखरेखीसाठी यंत्राची माहिती दुरून विचारायची पद्धत). माझ्याकडे हुबेहूब हीच लक्षणं होती. देखरेखीचा सर्व्हर दर मिनिटाला राउटरचं सगळं राउटिंग टेबल (कुठे जायला कोणता मार्ग) आणि एआरपी टेबल (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा हार्डवेअर पत्ता, कोणता) ओढून न्यायचा आणि एसएनएमपी इंजिन ही प्रोसेस सीपीयू खाऊन टाकायची. एसएनएमपी-सर्व्हर व्ह्यू (कोणती माहिती दाखवायची त्याची मर्यादा) बनवून ती दोन टेबलं वगळली आणि त्याच मिनिटाला आलेख खाली आला. आधी तेच करा, बाकी चौकशी नंतर.

पारंब्या
मूळ दुखणं वेगळंच आहे. असली बंद पेटी घ्यायचीच कशाला? साध्या संगणकावर लिनक्स टाका. पीएस कमांडने यादी बघा, नको ती प्रोसेस किल करा. नियंत्रण आपल्या हातात राहतं.

जुनाखांब
@पारंब्या, लिनक्सवर तरी कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे थ्रेड किल करून दाखवता येतात का? इथेही तसंच. जुन्या आयओएसमध्ये सगळ्या प्रोसेस एकाच मेमरीत राहतात, त्यांच्यात भिंत नाही. शेड्युलर (कुणाची पाळी कधी ते ठरवणारा भाग) कुणाच्या हातून सीपीयू हिसकावून घेत नाही. प्रोसेस आपलं काम उरकते आणि आपण होऊन बाजूला होते. एखादी दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडून बसली की लॉगमध्ये सीपीयूहॉगची तक्रार येते. अशा ठिकाणी मधली एक प्रोसेस उपटून काढली तर तिने धरलेल्या मेमरीचं काय करायचं? म्हणून किल दिलेलंच नाही.

@रात्रपाळी, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शो प्रोसेसेसमध्ये क्यू आणि टीवाय असे दोन रकाने आहेत. पहिलं अक्षर अग्रक्रम: सी अतिमहत्त्वाचा, एच वरचा, एम मधला, एल खालचा. पुढची अक्षरं म्हणजे स्थिती. डब्ल्यूई असेल तर ती प्रोसेस कसली तरी घटना घडायची वाट बघत बसली आहे, एसआय किंवा एसपी असेल तर ठरलेला वेळ झोपली आहे. तुमची यादी नीट बघा, जवळजवळ सगळ्या अशाच दिसतील. आयपी बॅकग्राउंड जागी होते ती इंटरफेस (राउटरचं जोडणीचं तोंड) चालू-बंद झाला किंवा पत्ता बदलला की. चेक हीप्स दर मिनिटाला मेमरी शाबूत आहे का ते तपासते. या गर्दीने राउटर दमत नाही. एखादीच्या अंगावर काम कोसळतं तेव्हा दमतो.

पारंब्या
म्हणजे एका प्रोसेसने गोंधळ घातला की सगळा राउटर आडवा. हेच मी म्हणतोय. ज्युनिपरच्या राउटरचं ज्युनॉस फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवर आहे, तिथे राउटिंगची आरपीडी ही प्रोसेस एकटी रीस्टार्ट करता येते. सिस्कोचंच आयओएस एक्सआर सुरुवातीला क्यूएनएक्स या सिस्टिमवर होतं, तिथेही प्रोसेस वेगळ्या. आणि आयओएस एक्सईमध्ये खुद्द आयओएसच लिनक्सखाली एक डीमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) म्हणून चालतं. बनवणाऱ्यांनाही शेवटी हेच पटलं ना?

जुनाखांब
पटलंच. पण एक्सईमध्येही त्या डीमनच्या आत हीच यादी आणि हाच शेड्युलर आहे. भिंत बाहेरून घातली, आतलं घर तेच.

दिवटी
हा वाद वेगळ्या धाग्यावर न्या, माणूस अडकलाय.

@रात्रपाळी, ९७/२१ मधला २१ हा इंटरप्ट पातळीवरचा खर्च, म्हणजे सेफमधून (सीईएफ, सिस्कोची पॅकेटं वेगाने पुढे ढकलायची यंत्रणा) झरझर पुढे जाणारी पॅकेटं. ९७ मधून तो वजा केला की ७६ उरतात आणि ते प्रोसेस खातायत. कोणत्या, ते वरच्या ओळींत दिसेल. त्या ओळी अजून दिलेल्या नाहीत.

रात्रपाळी
घ्या. एआरपी इनपुट ५८%, आयपी इनपुट १३%, बाकी सगळ्या एकच्या आसपास किंवा शून्य. एसएनएमपी ०.४%.

आलेखवेडा
एसएनएमपी सरासरीत कमी दिसतं, झटक्यांनी येतं. शो प्रोसेसेस सीपीयू हिस्टरी बघा.

दिवटी
५८ समोर दिसत असताना ०.४ च्या मागे लागायला नको. शो एआरपी समरी करा. आणि शो रनिंग-कॉन्फिगमधल्या फक्त आयपी राउटच्या ओळी द्या, म्हणजे पॅकेटं कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या.

रात्रपाळी
एआरपीमध्ये १४ हजारांवर नोंदी. आमच्याकडे यंत्रं १२० आहेत. व्हायरस असणार, सगळी यंत्रं उद्या तपासावी लागणार का?
राउट एकच: आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० गिगाबिटइथरनेट ०/१

दिवटी
सापडलं. व्हायरस नाही, ती शेवटची ओळ आहे. ती काल लिहिलीत का?

रात्रपाळी
परवा रात्री. सेवा पुरवठादाराने आमची लाइन दुसऱ्या यंत्रावर हलवली आणि पलीकडचा पत्ता बदलला. नवा पत्ता हातात यायला वेळ होता म्हणून मी पत्त्याऐवजी इंटरफेसचं नाव टाकलं. लगेच चालू झालं, म्हणून हा बदल आहे असं डोक्यातच आलं नाही.

दिवटी
चालू झालं म्हणूनच फसवलं त्याने. इथरनेटकडे नुसतं बोट दाखवलं की राउटरला वाटतं सगळं इंटरनेट त्या तारेवर थेट जोडलेलं आहे. मग कुणी कुठल्याही नव्या पत्त्यावर गेलं की तो त्या पत्त्यासाठी एआरपी विचारतो. पलीकडच्या यंत्रावर प्रॉक्सी एआरपी चालू आहे, ते प्रत्येकाला "मीच" म्हणून आपला मॅक पत्ता देतं. तुमच्या नोंदी बघा, त्या हजारो पत्त्यांसमोर एकच मॅक असेल. प्रत्येक उत्तर एआरपी इनपुट हाताळते. नोंद तयार होईपर्यंतची पॅकेटं सेफमधून जाऊ शकत नाहीत, ती आयपी इनपुटकडे येतात. नोंद चार तास टिकते, त्यामुळे टेबल फुगतच जातं. रीस्टार्टने ते रिकामं होतं, म्हणून तुमची ती २० मिनिटं.

जुनाखांब
बरोबर. ही सवय सीरियल लाइनींच्या काळातली. तिथे तारेच्या दुसऱ्या टोकाला एकच यंत्र, एआरपीचा प्रश्नच नाही, त्यामुळे इंटरफेसचं नाव पुरायचं.
अवांतर: प्रॉक्सी एआरपी ज्यात मांडलंय तो आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) १०२७, १९८७ सालचा. मूळ एआरपीचा ८२६, १९८२ चा.

रात्रपाळी
नवा पत्ता आता मेलमध्ये आहे. पण मी घरून लॉगिन करतोय. राउट काढला आणि माझाच संपर्क तुटला तर?

दिवटी
आधी कॉन्फिग सेव्ह आहे ना ते बघा. मग रीलोड इन १० द्या. संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी राउटर सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येईल. त्यानंतर नवा राउट इंटरफेस आणि पत्ता दोन्ही लिहून टाका. पिंग लागतोय ना, बघा. मगच जुनी ओळ नो लावून काढा. क्लिअर एआरपी-कॅश करा. सगळं ठीक दिसलं की रीलोड कॅन्सल आणि सेव्ह. कॅन्सल विसरू नका, सेव्ह करायच्या आधी राउटर बसला तर जुनी ओळ परत येईल.

आलेखवेडा
आणि एवढं झाल्यावर एसएनएमपीचा व्ह्यूही लावून टाका. १४ हजार नोंदींचं एआरपी टेबल तुमचा देखरेखीचा सर्व्हर ओढत असेल, तर तिथेही भार पडलाच असणार.

दिवटी
हे मात्र खरं. लावायला हरकत नाही.

रात्रपाळी
केलं. २३%/१९%. एआरपीमध्ये १२६ नोंदी. टाइप केलेलं अक्षर लगेच उमटतंय. @दिवटी, @जुनाखांब, मनापासून आभार. राउटची ओळ पहिल्याच पोस्टमध्ये द्यायला हवी होती. चेक हीप्स अधूनमधून दोन टक्क्यांवर जातो, तो असू द्यायचा ना?

जुनाखांब
असू द्या.

गाठमाळ
माझ्याकडेही आयपी इनपुट ४०% आहे, पण राउटमध्ये पत्ता बरोबर लिहिलाय. मग कोणती प्रोसेस बंद करू?

दिवटी
नवा धागा काढा. शो आयपी ट्रॅफिक आणि शो इंटरफेसेस स्विचिंगचं आउटपुट सोबत द्या. आणि गेल्या आठवड्यात काय बदललं तेही, किरकोळ वाटलं तरी.