पोळ्याची कर: पाहुण्यांपुढं फक्त मटणच का?

बालाघाटकर
करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणा बोलवायचा आणि त्याच्या ताटात ब्रॉयलर वाढायचा, म्हणजे त्याला दारातून परत लावणंच आहे. माणसं पंचवीस असोत की पन्नास, बोकडाचंच मटण पाहिजे. ज्याला झेपत नाही त्यानं येसराची (भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्याच्या पिठाची) आमटी-भाकरी करावी. कोंबडी नको.

गोदाकाठ
ही पोस्ट वाचून गप्प बसवत नाही. श्रावण संपला की करीचा एक दिवस, मग तिसऱ्या दिवशी हरतालिका आणि चौथ्याला गणपती. अख्ख्या गावाची मागणी एका सकाळवर येते. त्या गर्दीत खाटीक तुम्हाला रान (मांडीचं मटण) निवडून देत नाही. सीना, गर्दन, चाप, जे पुढं येईल ते तोलतो.

आता हिशोब करा. ३० माणसं, माणशी २०० ग्रॅम, म्हणजे ६ किलो. त्यातला पाव हिस्सा तरी हाड. मांस शिजून आटतं ते वेगळंच. पहिल्या पंगतीला नळ्या आणि बोट्या जातात, तिसरीला रस्सा आणि हाडं उरतात. तिसऱ्या पंगतीला कोण बसतं? घरच्या बाया आणि सालगडी. त्यापेक्षा ४ किलो मटण आणि ३ किलो कोंबडी केली तर शेवटच्या माणसाच्या ताटातही फोड पडते. मान राखायचाच असेल तर तिथं राखा.

बालाघाटकर
बायांचा आणि गड्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर कोंबडी हा इलाज नाही. ब्रॉयलर म्हणजे ४०-४२ दिवसांचं पाखरू. २०-२५ मिनिटांत शिजतं. तीन पंगती उठायला अडीच तास लागतात. तेवढा वेळ पातेलं निखाऱ्यावर राहिलं की मांस हाडावरून सुटतं आणि तिसऱ्या पंगतीला चोथा मिळतो. मटण मात्र मंद आचेवर राहिलं तर सुधारतं. म्हणून मोठ्या पंगतीला बोकडच.

उदगीरची सून
दादा, ब्रॉयलर एकदाच चढवायचा कशाला? मसाला सगळा एकदम परतून ठेवायचा, पाखरू दोन घाण्यांत शिजवायचं. दुसरा घाणा पहिली पंगत उठताना चढवा. एवढं जमत नसेल तर तलंग (अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी) आणा. पाऊण तासात शिजते, रश्श्याला चव उतरते आणि निखाऱ्यावर टिकते.

पण "गावरान" ही पाटी बघून पैसे देऊ नका. करीच्या आठवड्यात अंडी देऊन थकलेल्या लेअर कोंबड्या गावरान म्हणून खपतात. वनराज आणि गिरिराजही त्याच भावात. (वनराज हैदराबादची, गिरिराज बंगळूरची. जाती चांगल्या आहेत, पण गावरान नव्हेत.) वनराज-गिरिराज ओळखायला छातीचं हाड बोटानं चाचपा. गावरान पाखराचं हाड धारेसारखं वर लागतं, दोन्ही बाजूंना मांस कमी. कोंबडा असेल तर पायाचा काटा बघा. काटा लांब आणि टणक असला तर तो जून. दीड-दोन तास चूल खाईल.

वाटेकरी, अंबड
रांग आणि भाव हे दोन्ही रडगाणे बंद करा. वाटे घाला! दहा-बारा घरं मिळून एक उस्मानाबादी बोकड घ्या. २४ किलो जिवंत वजनाच्या बोकडाचं हाडासकट ११-१२ किलो मटण पडतं. मुंडी, पाये, वजडी (पोट-आतडी) वेगळी. मुलाणी पहाटे कापून देतो आणि सगळ्यांसमोर पानावर वाटे पडतात. काट्यात मारलेलं नाही, पाणी मारलेलं नाही.

गोदाकाठ
वाट्याचं कौतुक मलाही आहे, पण पाहुण्यांच्या जेवणाला वाटा म्हणजे डोकेदुखी. एका ढिगात रान, सीना, गर्दन, थोडी कलेजी, थोडी वजडी. प्रत्येकाची शिजायची वेळ वेगळी. वजडीला सगळ्यात जास्त, गर्दनीला त्याखालोखाल, रानाला त्याहून कमी, कलेजीला जेमतेम सात-आठ मिनिटं. लोक सगळं एका पातेल्यात ढकलतात. मग वजडी रबरासारखी आणि कलेजी खडूसारखी कोरडी!

वाटेकरी, अंबड
काय बोलायलाव तुम्ही? हा दोष वाट्याचा नाही, रांधणाऱ्याचा आहे. वाटा घरी आला की परातीत पसरा आणि तीन ढीग करा. वजडी गरम पाण्यात खरवडून, चुना लावून, चार पाण्यांनी धुवा आणि वेगळी कुकरला लावा. हाडाचं मटण हळद-मीठ लावून आळणी (तिखट-मसाल्याविना) शिजवा. कलेजी बाजूला ठेवा, शेवटी तव्यावर कांदा-काळं तिखट घालून परता आणि म्हाताऱ्यांना वाढा. खाटकाकडून किलोनं आणलेल्या मटणात कलेजी मागावी लागते, वर भाव वेगळा.

बालाघाटकर
ह्या एका बाबतीत मी वाटेकऱ्यांच्या बाजूचा. आणि कापायच्या वेळेचं कुणीच बोललं नाही. बोकड पहाटे ५ ला कापलं तर पहिल्या तास-दीड तासात चुलीवर चढलं पाहिजे. त्यानंतर मांस आखडायला लागतं, आणि आखडलेलं मांस लवकर शिजत नाही, बोटी दाताला चिवट लागते. सकाळी चढवणं होत नसेल तर आदल्या संध्याकाळी कापा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. भादव्याच्या दमट हवेत दोन तासांच्या वर उघडं ठेवू नका. पिशवीत बांधून ओट्यावर तर अजिबात नको.

उदगीरची सून
आदल्या संध्याकाळी म्हणजे पोळ्याच्या दिवशी. बैलांना पुरणपोळी चारायची आणि अंगणात बोकड कापायचं? आमच्या घरात हे चालणार नाही आणि चालू नये. सकाळचंच घ्या. चिवट होईल असं वाटलं तर किलोला एक चमचा कच्च्या पपईचा गर लावून अर्धा तास ठेवा. जास्त लावला की मटणाचं पीठ होतं, एवढं ध्यानात ठेवा.

बालाघाटकर
ताई, पोळ्याच्या दिवसाचं माझं चुकलं. ते वाक्य मागे घेतो.

नांदेडकर
तुम्ही मांस निवडताय, पाहुणा कुणी बघत नाही. आधी यादी करा. आमच्या शहरात एकाच पंगतीत हलालशिवाय न खाणारे मित्र येतात आणि झटक्याशिवाय न खाणारे शीख शेजारीही येतात. दोघांना एकाच पातेल्यातलं वाढून चालत नाही आणि लपवून वाढणं तर पाप आहे. दोन भांडी, दोन पळ्या. त्यात माळकरी पाहुणा असला की त्याची चूल वेगळी, तवा वेगळा, पंगत पहिली. मटणाच्या परातीत थापलेली भाकरी त्याला देऊ नका.

गोदाकाठ
हे पटलं. मग मासे?

नांदेडकर
पाच-सहा माणसं असतील तर पैठणच्या जायकवाडीचा रोहू, नाहीतर मरळ. तीस माणसांना नको. तळलेला तुकडा दहा मिनिटांत मऊ पडतो, आणि रोहूचे काटे लहान लेकरांच्या घशात अडकतात. मरळीला काटे कमी, पण एवढी मरळ एका सकाळी मिळत नाही.

बालाघाटकर
शेवटचं सांगतो. तलंग चालेल, तीही ताईंनी सांगितलं तशी पारखून. दात नसलेल्यांसाठी खिमाही करा, अर्धा किलो खिम्यात सहा म्हातारी माणसं नीट जेवतात. ब्रॉयलरला माझी ना आहे आणि राहील.

गोदाकाठ
मटण तिपटीच्या वर भावानं घेऊन सालगड्याला रस्सा वाढण्यापेक्षा मी ब्रॉयलर वाढीन. तुमची ना तुमच्यापाशी. बाकी वाट्याचे तीन ढीग मात्र यंदा करून बघतो.

उदगीरची सून
पंगत वाढली तर रस्सा पाण्यानं वाढवू नका, येसरानं वाढवा. दीड लिटर रश्श्याला तीन चमचे पुरे. येसर गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात गुठळ्या होतात. शेवटच्या दहा मिनिटांत सोडायचं आणि तळाशी पळी फिरवत राहायचं, नाहीतर करपतं आणि तो वास सगळ्या मटणाला लागतो.