शत्रूदेशातले पेट्रोलपंप बंद पडले, तर टाळ्या वाजवायच्या का?

आडवाट
२६ ऑक्टोबर २०२१ ला इराणमधले जवळपास ४३०० पंप एकदम ठप्प झाले. तेव्हा तिथे खासगी गाडीला महिन्याला ६० लिटर पेट्रोल लिटरमागे १५०० तोमानने मिळे, त्यापुढचं ३००० तोमानने. हा सगळा हिशेब स्मार्टकार्डावर. त्या दिवशी कार्ड घातलं की यंत्रावर ‘सायबर हल्ला ६४४११’ अशी अक्षरं येऊ लागली. हा तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनेई यांच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक. टाक्यांमध्ये पेट्रोल होतंच, मोडला होता तो सवलतीचा हिशेब. पंप जाळ्यापासून तोडून हाताने सुरू केले, पण चढ्या दराने. भुर्दंड पडला तो स्वस्त कोट्यावर महिना काढणाऱ्याला.

त्याच आठवड्याच्या शेवटी इराणशी जोडल्या गेलेल्या ‘ब्लॅक शॅडो’ गटाने सायबरसर्व्ह ही संकेतस्थळं सांभाळणारी इस्रायली कंपनी फोडली आणि ‘अत्राफ’ या समलिंगी डेटिंग सेवेच्या सदस्यांची माहिती उघड्यावर टाकली. पाठोपाठ एका वैद्यकीय संस्थेच्या रुग्णांच्या नोंदीही. यातल्या कोणाचा युद्धाच्या निर्णयाशी संबंध होता? तरी दोन्हीकडे ‘बरी खोड मोडली’ म्हणणारे होतेच. मला ही टाळी मुळातच चुकीची वाटते.

बंदरकाठ
असहमत. तुम्ही गोष्ट मधूनच उचललीत. एप्रिल २०२० मध्ये इस्रायलच्या पाणीयंत्रणांवर हल्ला झाला, संशय इराणवर होता, आणि त्यात क्लोरीनच्या मात्रेशी खेळ करण्याचा प्रयत्न होता. ९ मे ला इराणमधल्या बंदर अब्बासच्या शहीद रजाई बंदराचे संगणक कोलमडले, ते इस्रायलचं उत्तर मानलं गेलं. बाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या, जहाजं खोळंबली. माणूस दगावला नाही. पाण्यात हात घालणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागली नसती, तर पुढचा प्रयत्न अधिक नेटाने झाला असता. क्षेपणास्त्र हा दुसरा पर्याय होता, आणि तो मला मान्य नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये पंप पुन्हा बंद पडले, सुमारे ७० टक्के, असं इराणच्या तेलमंत्र्यांनीच सांगितलं. इस्रायलशी जोडल्या जाणाऱ्या ‘प्रिडेटरी स्पॅरो’ या हॅकर गटाने जबाबदारी घेतली आणि आणीबाणीच्या सेवांना आधी कळवल्याचा दावा केला. याला संयम म्हणायचं नाही तर काय?

भट्टीवाला
संयमाबद्दल एक अडचण सांगतो. याच गटाने जून २०२२ मध्ये इराणच्या खुझिस्तान पोलाद कारखान्यातली चित्रफीत टाकली. कामगार बाजूला जातात, मग वितळलेलं पोलाद सांडतं, आग लागते. निरपराधांना जपल्याचं गटाने आवर्जून लिहिलं. पण कॅमेऱ्याला दिसतो तेवढाच भाग त्यांना दिसला. क्रेनच्या पलीकडे, केबलच्या बोगद्यात, पॅनेलमागे कोणी आहे का, हे हजार किलोमीटरवरून कळत नाही. कारखान्यात देखभालीआधी वीजपुरवठ्याला कुलूप लावून किल्ली कामगाराच्या खिशात ठेवतात ती याचसाठी. दुरून आज्ञा देणाऱ्याकडे ती किल्ली नसते. त्या दिवशी कोणी भाजलं नाही, यावरून पद्धत सुरक्षित ठरत नाही.

क्लोरीनचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम. क्लोरीन सोडणाऱ्या डोसिंग पंपाची क्षमताच मर्यादित असेल आणि क्लोरीन मोजणारं उपकरण नियंत्रकापासून (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकापासून) वेगळं असेल, तर पडद्यावर आकडा बदलून फारसं बिघडत नाही. दोन्ही एकाच नियंत्रकावर असतील तर वाढलेली मात्राही पडद्यावर ठीक दिसू शकते, आणि मग हाताने घेतलेला नमुनाच खरं सांगतो.

रिलेपॅनेल
मला आधी वेगळंच विचारायचंय: हल्ला झाला, हे कशावरून? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या. १ मार्च २०२१ ला राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता मांडली आणि समाजमाध्यमांवर चीनला धडा शिकवण्याची मागणी सुरू झाली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या सायबर सुरक्षा कंपनीच्या ज्या अहवालाचा आधार सगळे देत होते, त्यातच मालवेअर (घातक संगणक प्रणाली) आणि अंधार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही असं लिहिलं होतं. मालवेअर सापडणं आणि त्यानेच ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारी कळ, पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी रिलेची, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या उपकरणाची, घटनानोंद मिलिसेकंदापर्यंत लागते. ब्रेकर संरक्षण रिलेने उघडला की नियंत्रण कक्षातून आलेल्या आज्ञेने, आणि ती आज्ञा कोणत्या लॉगिनवरून आली, हे जुळवावं लागतं. सगळ्या घड्याळांची वेळ एक नसेल तर ही जुळणीच होत नाही. शिवाय त्या दिवशी मुंबई स्वतःच्या वीजनिर्मितीवर वेगळी तगायला हवी होती. ते आयलँडिंग फसलं, आणि त्यावर फारच थोडे बोलले.

नळकोंडाळं
+१. प्रत्युत्तराची झळ तिसऱ्यालाही बसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलिक्विपा गावाच्या पाणी केंद्रात इराणशी जोडला जाणारा ‘सायबर ॲव्हेंजर्स’ हा हॅकर गट शिरला. कारण एकच, नियंत्रक युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीचा होता. तिथे पंप हाताने चालवावे लागले. या नियंत्रकांचा मूळ पासवर्ड ११११, जोडणीचं दार (पोर्ट २०२५६) थेट इंटरनेटवर उघडं. क्रम असा हवा: आधी नियंत्रक इंटरनेटवरून काढा, मग पासवर्ड बदला, लॅडर लॉजिकची, म्हणजे नियंत्रकातल्या आज्ञावलीची, प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, दुरून यायचंच असेल तर व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) आणि दुसरी ओळखखूण. प्रत नसेल तर नवा नियंत्रक बसवूनही तो कोराच राहतो. गावकऱ्यांनी इथे आवाज उठवला तर त्याचा उपयोग आहे.

बंदरकाठ
हे सगळं बचावाचं झालं, आणि मान्य आहे. पण नुसत्या बचावाने समोरचा थांबत नाही.

आडवाट
थांबला का प्रत्युत्तराने तरी? जून २०२५ मध्ये याच प्रिडेटरी स्पॅरोने इराणच्या सेपाह बँकेवर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी नोबिटेक्स या आभासी चलनाच्या बाजारावर. तिथून ९ कोटी डॉलरहून अधिक किमतीचं आभासी चलन अशा खात्यांच्या पत्त्यांवर पाठवलं, ज्यांच्यात इराणच्या क्रांतिरक्षक दलाला शिवी गुंफली होती. पत्त्यात इतका लांब शब्द हवा तसा बसवून त्याची खासगी किल्ली (पैसे काढायला लागणारा गुप्त आकडा) मिळवणं आजच्या संगणकांना अशक्य, म्हणजे ते पैसे जाळलेच. त्यात सामान्य खातेदारांची बचतही होती. आणि तेहरानने हल्ल्यांचं कारण देऊन देशाचं इंटरनेट जवळपास बंद केलं. युद्धाच्या दिवसांत लोकांना घरच्यांची खुशालीही कळेना.

बंदरकाठ
नोबिटेक्सबाबत तुमचं पटतं. सेपाहबाबत नाही, सैन्याचे पगार त्याच बँकेतून होतात.

भट्टीवाला
आणि बाकी खातेदारांचे पैसेही त्याच बँकेत असतात. सर्व्हर पुसताना ही खाती वेगळी कशी काढायची, ते सांगा.