कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या भावाशी आईचं बोलणं कसं घडवायचं?

प्रश्न: भाऊ कळंब्यात कच्चा कैदी आहे. आई गडहिंग्लजला, तिला प्रवास झेपत नाही. काय मार्ग आहे?

उत्तर १: ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या सरकारी साइटवर ई-मुलाकातची, म्हणजे ऑनलाइन भेटीची नोंदणी करा. आईचं ओळखपत्र, कैद्याचं आणि वडिलांचं नाव, नातं भरून व्हिडिओ भेट निवडा. ओटीपीनंतर कारागृहाची मंजुरी लागते. अर्ज अडतो तो बहुधा नावापायी. तुरुंगाच्या नोंदीत जसं स्पेलिंग, तसंच हवं. वकिलांकडून वॉरंटवरचं बघून घ्या.

उत्तर २: पत्र सोडू नका. व्हिडिओ लगेच संपतो, पत्र तो रात्री पुन्हा काढून वाचेल. आंतरदेशीय घ्या, पत्त्यात पूर्ण नाव आणि कैदी क्रमांक घाला. पत्र उघडून तपासतात, म्हणून खटल्याचा, साक्षीदारांचा शब्दही नको. म्हैस व्याली का, उसाला तोड आली का, हिरण्यकेशी नदीला पाणी किती, हे सगळं सविस्तर लिहा. आईला लिहिता येत नसेल तर ती बोलेल तसंच उतरवा, सुधारू नका.

उत्तर ३: कँटीनसाठी मनीऑर्डर त्याच्याच नावाने करा. वकील नसेल तर कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं आहे.