मंडेलांनी वाटाघाटींत जमिनीचा प्रश्न सोडून दिला का?

कृष्णाकाठ :

नेल्सन मंडेला यांनी १९९० ते १९९४ या काळातील वाटाघाटींत कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळवून दिला, पण जमीन, खाणी आणि बँका गोऱ्यांच्याच हाती राहू दिल्या, असा आरोप दक्षिण आफ्रिकेतील तरुण कार्यकर्ते गेली काही वर्षे करत आहेत आणि तो आता आपल्याकडेही ऐकू येतो. त्यामागची वेदना खरी आहे. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांकडे होती, आणि लोकसंख्येत ते दहा टक्केही नाहीत. तरीही या वास्तवाचे खापर मंडेलांच्या तडजोडीवर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

जमीन हा दुय्यम प्रश्न होता, असे मी मुळीच म्हणत नाही. वर्णभेदाचा पाया १९४८ मध्ये गोऱ्यांची नॅशनल पार्टी सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी, १९१३ च्या जमीन कायद्याने घातला गेला होता. त्या कायद्याने आफ्रिकी लोकांना देशाच्या सुमारे सात टक्के राखीव भूभागाबाहेर जमीन विकत घ्यायला बंदी केली. १९३६ मध्ये हा वाटा वाढवला, तो जेमतेम तेरा टक्क्यांपर्यंत. १९५० चा वर्णानुसार वस्ती-विभागणीचा कायदा आणि कृष्णवर्णीयांना सतत पास जवळ बाळगण्याची सक्ती या त्याच धोरणाच्या पुढच्या पायऱ्या होत्या.

परंतु मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सत्तावीस वर्षांनंतर तुरुंगाबाहेर आले, तेव्हा आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने युद्ध जिंकलेले नव्हते. शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसे मारली आणि संघटनेवर बंदी आली, त्यानंतर १९६१ मध्ये उभ्या राहिलेल्या सशस्त्र शाखेच्या ताब्यात देशातील एकही जिल्हा कधी आला नव्हता. सैन्य, पोलीस, गुप्तचर यंत्रणा आणि तिजोरी पूर्णपणे जुन्या सरकारच्या हाती होती. नाताळ प्रांतात आणि जोहान्सबर्गभोवतीच्या वस्त्यांत झुलू लोकांच्या इंकाथा पक्षाच्या आणि काँग्रेसच्या समर्थकांत रोज माणसे मरत होती. जून १९९२ मध्ये बोइपाटाँग या कृष्णवर्णीय वस्तीत कत्तल झाली. १० एप्रिल १९९३ रोजी काँग्रेसच्या सशस्त्र शाखेचे माजी प्रमुख ख्रिस हानी यांचा त्यांच्या घराच्या दारात खून झाला, आणि मंडेलांनंतर तरुणांचा सर्वाधिक विश्वास ज्यांच्यावर होता, ते हेच हानी. त्या खुनानंतर देशाला आवरण्यासाठी दूरचित्रवाणीवर अध्यक्ष डी क्लर्क यांना नव्हे, तर कोणतेही सरकारी पद नसलेल्या मंडेलांना यावे लागले. मारेकरी गोरा आहे, हे त्यांनी लपवले नाही. पण त्याच्या गाडीचा क्रमांक टिपून पोलिसांना कळवणारी बाईही गोरी, आफ्रिकानर म्हणजे मुख्यतः डच वंशाची आहे, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितले. माझ्या मते त्या भाषणाने सत्ता खऱ्या अर्थाने हलली, कारण काही आठवड्यांतच निवडणुकीची तारीख ठरली. दुसरीकडे माजी सेनाप्रमुख कॉन्स्टँड फिल्यून हजारो सशस्त्र गोऱ्यांना एकत्र करत होते, आणि मंडेलांनी त्यांच्याशी गुपचूप बोलणी करून त्यांना शेवटी निवडणुकीत उतरायला लावले.

अशा स्थितीत गोऱ्या नोकरदारांच्या नोकऱ्या टिकवण्याची आणि पाच वर्षे संयुक्त सरकार चालवण्याची सवलत द्यावी, असे १९९२ मध्ये सुचवले ते जो स्लोवो यांनी, म्हणजे कम्युनिस्ट नेत्याने. १९९६ च्या अंतिम राज्यघटनेतील पंचविसावे कलम मालमत्तेचे रक्षण करते, पण जमीन सुधारणा हे सार्वजनिक हित आहे असे स्पष्ट म्हणते, आणि भरपाई ठरवताना बाजारभावासोबत ती जमीन मुळात कशी बळकावली गेली, हा इतिहासही विचारात घ्यायला सांगते. दार उघडे ठेवले गेले होते. पुढच्यांनी त्यातून पाऊल टाकले नाही, याचा जाब मंडेलांना कसा विचारायचा?

भरतीओहोटी :

१९९३ पर्यंतच्या आपल्या मांडणीशी मी बराचसा सहमत आहे, आणि हानींच्या हत्येनंतरच्या भाषणाबद्दल तर पूर्णपणे. माझा आक्षेप पुढच्या पाच वर्षांवर आहे, ज्यांचा उल्लेख आपण केलाच नाही.

एप्रिल १९९४ मध्ये काँग्रेसला ६२ टक्क्यांहून अधिक मते आणि ४०० पैकी २५२ जागा मिळाल्या. पाच वर्षांत तीस टक्के शेतजमिनीचे पुनर्वाटप करू, असे वचन पक्षाच्या पुनर्रचना कार्यक्रमात होते. आपण म्हणता ती घटना तयार झाली १९९६ मध्ये, आणि घटनेत कोठेही नसलेले ‘विकणारा राजी असेल तरच खरेदी’ हे तत्त्व जमीन धोरण म्हणून जाहीर झाले १९९७ मध्ये. तेव्हा अध्यक्ष मंडेलाच होते. म्हणजे घटनेने उघडे ठेवलेले दार त्यांच्याच मंत्रिमंडळाने लोटून घेतले, आणि ज्याच्या आजोबांना १९१३ नंतर हुसकावले गेले, त्याची जमीन मिळेल की नाही हे सध्याच्या मालकाच्या मर्जीवर आणि सरकारच्या तुटपुंज्या तरतुदीवर सोडले. हिरावलेली जमीन परत मागणाऱ्यांच्या दाव्यांतही अनेकांच्या हाती जमिनीऐवजी रोख रक्कम ठेवण्यात आली.

काँग्रेस आणि तिच्या मित्रसंघटनांनी १९५५ मध्ये क्लिपटाऊनला मंजूर केलेल्या स्वातंत्र्य सनदेत खनिजे आणि बँका सर्व जनतेच्या मालकीच्या होतील, असे म्हटले होते. जानेवारी १९९० मध्ये तुरुंगातूनही मंडेलांनी हीच भूमिका ठामपणे कळवली होती. दोन वर्षांनी दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेहून परतल्यावर ती सोडली गेली. १९९६ मध्ये सरकारी तुटीला कात्री लावणारे आर्थिक धोरण पक्षात किंवा कामगार संघटनांत पुरेशी चर्चा न होता आले आणि मंडेलांनी ते बदलता येणार नाही असे बजावले. फिल्यून यांच्या बंदुका तेव्हा कधीच शांत झाल्या होत्या. मग १९९७ चा निर्णय कोणत्या भीतीपोटी घेतला गेला?

शाईपेन :

जमिनीइतकेच, वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाबद्दलही बोलले पाहिजे. सत्य सांगा आणि माफी घ्या, या तत्त्वाला कृष्णवर्णीय चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने घटना न्यायालयात आव्हान दिले, आणि १९९६ मध्ये ते हरले. बिकोंना १९७७ मध्ये कोठडीत मारणाऱ्या पोलिसांचा माफीचा अर्ज पुढे फेटाळला गेला, पण खटला कोणावरही चालला नाही. आयोगाने पीडितांना सहा वर्षे दरवर्षी रक्कम द्यावी, अशी शिफारस केली होती. २००३ मध्ये एकदाच तीस हजार रँड देऊन सरकारने तो विषय संपवला. ज्यांनी क्षमा केली त्यांच्या पदरात हे पडले असेल, तर त्या क्षमेचे गोडवे गाण्याआधी थांबायला हवे.

कृष्णाकाठ :

शाईपेन, आपला मुद्दा मान्य आहे, पण २००३ चा निर्णय मंडेलांनंतरचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या सरकारचा होता. आयोगाने श्रीमंतांवर आणि उद्योगांवर कर बसवण्याचा पर्यायही सुचवला होता. तोही त्याच सरकारने स्वीकारला नाही.

भरतीओहोटी, १९९७ च्या धोरणाचे समर्थन मी करणार नाही. त्या वेळची भीती बंदुकीची नव्हती, पैशाची होती. डिसेंबर १९९३ मध्येच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ८५ कोटी डॉलर घेताना तूट आवरण्याचे वचन द्यावे लागले होते, आणि लाखो घरांना वीज आणि पाणी पोहोचवायचे होते. ती भीती अतिरेकी होती असे म्हणता येईल. तथापि मंडेला १९९९ मध्ये एकाच कार्यकाळानंतर स्वतःहून पायउतार झाले, आणि भूसंपादनाचा १९७५ चा, म्हणजे वर्णभेदी राजवटीतला कायदा बदलायला त्यांच्या वारसांनी २०२५ उजाडू दिले. एका धोरणाची चूक आणि पाव शतकाची निष्क्रियता एकाच मापाने मोजू नये.

भरतीओहोटी :

ती निष्क्रियता मीही माफ करत नाही. पण मंडेलांकडे जे होते ते वारसांकडे कधीच नव्हते: गोऱ्यांचाही विश्वास. १९९५ मध्ये ते फक्त गोऱ्या आफ्रिकानरांच्या ओरानिया गावाला जाऊन वर्णभेदाचे शिल्पकार फेरवूर्ट यांच्या विधवेसोबत चहा प्यायले. फिल्यून यांना त्यांनी मतपेटीपर्यंत आणले. गोऱ्या शेतकऱ्यांना समोर बसवून, जमिनीचा काही भाग बाजारभावाखाली सोडावा लागेल, हे सांगण्याचे नैतिक वजन त्या देशात फक्त त्यांच्याकडे होते, आणि ते वजन त्यांनी जमिनीसाठी वापरले नाही. १९९७ मध्येच शेतमजुरांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदाही झाला होता. तो कागदावर राहिला, आणि गोऱ्यांच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेली लाखो माणसे लोकशाही आल्यानंतर तिथून बाहेर काढली गेली. या माणसांनी १९९४ मध्ये मत कोणाच्या नावाकडे पाहून दिले होते, हे आपण दोघेही जाणतो.