ताशी 1 टन चक्की आटा : 60 × 40 च्या शेडमध्ये प्लांट कसा बसवावा?

दळण_जालना
सध्या सुट्या दळणाच्या 2 चक्क्या आहेत. आता लोकवन गव्हाचा आटा 5 आणि 10 किलोच्या पिशव्यांत भरून विकायचा आहे. लक्ष्य ताशी 1 टन, दिवसाला 10 तास. शेड 60 × 40 फूट, आतली उंची 22 फूट.

मशिनरीवाल्याचं कोटेशन असं आहे: प्री-क्लीनर (कचरा काढणारी चाळण), डिस्टोनर (खडे वेगळे करणारं मशीन), 30 इंची चक्क्या 4 (प्रत्येकी 25 एचपी), एक चाळणी, पिशव्या भरायचं मशीन. एकूण 125 एचपी. गहू ओलवायला टाकी लागत नाही, असं त्याचं म्हणणं. माझे प्रश्न:
1) टाकी खरंच नको का?
2) दगडाऐवजी रोलर मिल घेतली तर?
3) कोटेशनमध्ये काय राहून गेलंय?

कणीकोंडा
टाकी हवीच. तुमच्याकडे एप्रिल-मेचा गहू 9 ते 10 टक्के ओलाव्यावर येतो. तसाच दगडात घातला की टरफल ठिसूळ असल्याने त्याचा चुरा होतो. तो चुरा कुठल्याच चाळणीत अडकत नाही, पीठ करडं दिसतं आणि पोळीवर ठिपके येतात. टरफलाला पाणी मिळालं की ते चिवट होतं, पापुद्र्यासारखं मोठं निघतं आणि चाळणीवर राहतं.

पाण्याचा हिशोब असा: पाणी = गव्हाचं वजन × (हवा असलेला ओलावा − आत्ताचा) ÷ (100 − हवा असलेला). 1000 किलो गहू 9.5 वरून 12.5 टक्क्यांवर न्यायचा तर 1000 × 3 ÷ 87.5, म्हणजे 34.3 लिटर. बरेच जण "3 टक्के म्हणजे 30 लिटर" धरतात आणि ओलावा 12.1 वरच अडकतो.

12.5 च का? दगडाच्या उष्णतेने दीड-दोन टक्के ओलावा उडून जातो, म्हणजे पिठात साधारण 10.5 ते 11 राहतो. कायद्याची मर्यादा 14 टक्के आहे. ती पाहून काहींना वजन वाढवायचा मोह होतो आणि पाणी सढळ हाताने सोडलं जातं. मग दगडावर पिठाचा थर चढून तो गुळगुळीत होतो, चाळणी बुजते आणि पिशवीला महिन्याभरात कुबट वास येतो.

आता टाकीचं माप. सफाईची लाइन दळणाच्या दुप्पट, म्हणजे ताशी 2 टन घ्या. पाच तासांत दिवसाचा गहू साफ होऊन ओलवून टाकीत जातो आणि 6 ते 8 तास मुरतो. टाक्या 10 टनांच्या 2 हव्यात: एकीतून दळण चालू असताना दुसरीत उद्याचा माल मुरतो. ओलवलेला गहू घनमीटरला 720 किलो धरा, 10 टनांना 13.9 घनमीटर, थोडी मोकळी जागा धरून 15. टाकी 2.2 × 2.2 मीटर, सरळ भाग 2.5 मीटर, खाली 60 अंशांचा 1.9 मीटरचा हॉपर (निमुळता होत जाणारा तळ). एकूण 4.4 मीटर. खाली 0.9 आणि वर स्क्रू कन्व्हेयरला (गहू पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा) 0.5 सोडले की 5.8 मीटर होतात. तुमचे 22 फूट म्हणजे 6.7 मीटर, तेव्हा बसतं.

एक गोष्ट फॅब्रिकेटर सांगत नाही: चौकोनी हॉपरच्या बाजूंना 60 अंश दिले तरी दोन बाजू मिळतात त्या कोपऱ्याची कड 51 अंशांवरच येते. बाजू 45 ठेवल्या तर कड 35 वर जाते. ओला गहू तिथे चिकटून बसतो आणि बुरशी धरते. कोपरे आतून गोल करून घ्या. शिवाय तळाला एकच तोंड ठेवलं तर मधला गहू आधी उतरतो आणि कडेचा मागे राहतो; 3 तास मुरलेला आणि 10 तास मुरलेला एकत्र दळला जातो. चार तोंडं खाली एकत्र आणा.

रोलर_आणि_चाळ
प्रश्न 2 बद्दल. रोलर मिल ही मैदा-रव्याची मिल आहे. कोरीव रोल गहू फोडतात. जोडीतल्या वेगवान रोलचा फिरण्याचा वेग मंद रोलच्या अडीच पट असतो. पुढचे गुळगुळीत रोल 1.25 : 1 वर चालून रवा बारीक करतात. प्रत्येक टप्प्यानंतर प्लॅनसिफ्टरमधून (एकावर एक चाळण्या असलेलं हलतं मशीन) माल वेगळा होतो. यासाठी गहू 15.5 ते 16.5 टक्क्यांवर लागतो, कडक गव्हाला 16 ते 24 तास मुरवण लागते आणि माल परत परत वर न्यायचा असल्याने इमारत तीन-चार मजली होते. 70 ते 75 टक्के मैदा-रवा निघतो. उरलेल्या कोंड्याला आणि मैद्याला दोन वेगळी गिऱ्हाइकं शोधा. दिवसाला 10 टनांवर हे परवडत नाही.

पोळीच्या बाजूनेही दगडच बरा. दगडाच्या दाबाने आणि उष्णतेने स्टार्चचे कण जास्त फुटतात, फुटलेला स्टार्च पाणी जास्त धरतो, कणीक जास्त पाणी घेते आणि पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. रोलरचा मैदा आणि कोंडा पुन्हा मिसळून केलेल्या आट्याला हा मऊपणा येत नाही.

कणीकोंडा यांच्या मुद्द्यात एक भर: ताशी 1 टनाला 4 चक्क्या काठावरच्या आहेत. 30 इंची चक्की नीट दळत असताना ताशी 300 किलो धरा. चारही चालल्या तर 1200. पण एकीच्या दगडाला टाकी मारायला (छिन्नीने पुन्हा खाचे पाडायला) घेतली की उरतात 900. पाचवी आत्ता घेऊ नका, पण तिची जागा, केबल आणि हवेच्या नळीचं तोंड आत्ताच ठेवा. प्रत्येक चक्कीला स्वतंत्र अँमीटर हवा. अँपिअर चढत चालले आणि पीठ मात्र जाडच राहिलं, तर दगड बोथट झाला. गिरणीतला जुना माणूस आवाजावरून ओळखतो, पण अँमीटर रात्रपाळीलाही तसाच ओळखतो.

साडेतीन_फेज
प्रश्न 3. कोटेशनमध्ये हवा नाही. हवा ओढणारा ब्लोअर नाही, हवेतलं पीठ कापडात अडवणारा बॅग फिल्टर नाही. हीच सगळ्यात मोठी चूक आहे.

दगडातून पीठ 60 ते 70 अंशांवर बाहेर पडतं, सोबत वाफ. ही वाफ ओढून नेली नाही तर थंड पत्र्याच्या नळीत ती दव धरते, पीठ तिला चिकटतं, आठवड्यात नळीच्या आतून लापशीसारखा थर तयार होतो. किडा इथूनच सुरू होतो. गरम पीठ तसंच पिशवीत भरलं तर पिशवी आतून घामेजते आणि गोळे होतात.

हिशोब: ताशी 1000 किलो पीठ 25 अंशांनी थंड करायला 1000 × 1.7 × 25 = 42,500 किलोज्यूल उष्णता काढायची. हवा 15 अंशांनी तापू दिली तर दर घनमीटर सुमारे 18 किलोज्यूल नेते, म्हणजे ताशी साधारण 2400 घनमीटर हवा लागेल. मिनिटाला 40. फिल्टरच्या कापडाला दर चौरस मीटर मिनिटाला 2 घनमीटर धरा, कापड 20 चौरस मीटर. मुख्य नळी 200 मिमी, त्यात वेग सेकंदाला 21 मीटर येतो. वेग फार कमी झाला तर आडव्या नळीत पीठ बसतं. नळी 300 मिमीची "ऐसपैस" केली तर वेग 9 वर येतो आणि महिन्यात ती अर्धी भरते. मोठी नळी म्हणजे चांगली नळी, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना पीठ 45 च्या खाली यायचं नाही, हेही लक्षात ठेवा. त्या दिवसांत दळण पहाटे सुरू करा.

विजेचं: चक्क्यांचे 100 एचपी, बाकी सफाई, एलिव्हेटर (पट्ट्यावरच्या डब्यांनी माल वर नेणारा), ब्लोअर मिळून आणखी 40. एकूण 140 एचपी म्हणजे 104 किलोवॅट. 75 टक्के भाराने टनाला 78 युनिट. 125 चा भार मंजूर करून घेतलात तर ब्लोअर लावायच्या वेळी अडाल. 25 एचपीची मोटर थेट सुरू केली तर सहा-सात पट करंट ओढते, तेव्हा सुरुवातीचा करंट कमी ठेवणारा स्टार-डेल्टा किंवा सॉफ्ट स्टार्टर, आणि चक्क्या एकेक करून. सुरू करायचा क्रम शेवटाकडून: ब्लोअर, चाळणी, एलिव्हेटर, चक्की, सगळ्यात शेवटी गव्हाचं फाटक. बंद करताना उलट. याचं इंटरलॉकिंग (क्रम चुकला तर मशीन सुरूच न होण्याची सोय) पॅनेलमध्येच हवं, माणसाच्या आठवणीवर नको. एलिव्हेटर बंद आणि चक्की चालू राहिली तर बूट (एलिव्हेटरचा तळ) पाच मिनिटांत भरतो आणि पट्टा घासून तापतो.

हा तापलेला पट्टा साधा नाही. पिठाची धूळ घनमीटरला 50 ग्रॅमच्या आसपास हवेत असली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. अमेरिकेत मिनियापोलिसच्या वॉशबर्न 'ए' मिलचा असाच स्फोट 2 मे 1878 ला झाला आणि 18 माणसं गेली. म्हणून पिठाला पीव्हीसीच्या नळ्या वापरू नका, त्यात स्थिर वीज साठते. पत्र्याच्या नळ्यांना जोडावर अर्थिंगची तार, फिल्टरच्या कापडाला आधार देणाऱ्या पिंजऱ्यालाही. दिवे धूळबंद. तुळयांवरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओढून घ्या. वेल्डिंग करायचं तर प्लांट बंद आणि जागा झाडलेली.

दळण_जालना
ब्लोअर-फिल्टरचं वेगळं कोटेशन मागवतो. ज्वारी-बाजरीही याच लाइनवर चालवता येईल का? आणि माल तपासायला किमान काय ठेवू?

कणीकोंडा
नको. ज्वारी-बाजरी ओलवायची पद्धत वेगळी, आणि बाजरीच्या पिठातलं तेल लवकर खवट होतं. एलिव्हेटरच्या बुटात 5-10 किलो शिल्लक राहतंच, ते पुढच्या गव्हाच्या पिठात उतरतं. उलट बाजूने पाहिलं तर ग्लूटेन टाळणारं गिऱ्हाईक तुमच्याकडून ज्वारी घेईल आणि त्यात गहू निघेल. जुन्या दोन चक्क्या ज्वारी-बाजरीला वेगळ्या खोलीत ठेवा.

तपासणीला ओलावा मीटर, 30 आणि 40 मेशची (इंचाला तितकी छिद्रं असलेली) हातचाळणी, थर्मामीटर. ग्लूटेन घरच्या घरी: 25 ग्रॅम पिठाचा 15 मिली पाण्यात गोळा मळा, अर्धा तास पाण्यात ठेवा, नळाच्या बारीक धारेखाली पांढरं पाणी थांबेपर्यंत धुवा. उरलेला रबरासारखा गोळा पिळून तोला. वाळल्यावर त्याचा सुमारे तिसरा हिस्सा राहतो. आट्यात कोरडं ग्लूटेन किमान 6 टक्के लागतं, म्हणजे 25 ग्रॅमला ओला गोळा साडेचार ग्रॅमच्या खाली आला तर तो गहू दुसऱ्यात मिसळा. एकूण राख 2 टक्क्यांपर्यंत आणि आम्लात न विरघळणारी 0.15 पर्यंत चालते. ही दुसरी बाहेरच्या लॅबमधून करून घ्या. ती वाढली तर पिठात माती आहे, म्हणजे डिस्टोनरची हवा किंवा उतार बिघडलाय.

रोलर_आणि_चाळ
लोहचुंबक राहिला. 10,000 गॉस ताकदीचे दोन: एक चक्कीच्या आधी, एक पिशवी भरायच्या आधी. दुसरा जास्त महत्त्वाचा, चाळणीच्या जाळीची तुटलेली तार तिथेच सापडते. रोज पाळी संपताना पुसा आणि काय निघालं ते वहीत लिहा.