आयडाहो : वाचलेल्या मुलींवरचा संशय
'दोघी वाचल्या आणि पोलिसांना फोन दुपारी बाराच्या सुमारास. त्यांना काहीतरी माहीत असणारच' हे अजूनही ऐकून वाईट वाटतं. १३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या मॉस्को गावात एका भाड्याच्या घरात चार विद्यार्थ्यांचा खून झाला; त्याच घरात राहणाऱ्या दोन मुली वाचल्या. अटक होईपर्यंतच्या दीड महिन्यात लोकांनी या मुली, ओळखीची मुलं, एवढंच काय, एका प्राध्यापिकेलाही खुनी ठरवलं! तिला बदनामीचा दावा लावावा लागला. पोलीस मात्र चाकूच्या म्यानावरचा डीएनए आणि पांढऱ्या एलांट्रा गाडीचा माग काढत होते. सापडला तो शेजारच्या विद्यापीठातला गुन्हेशास्त्राचा पीएचडीचा विद्यार्थी, आणि जुलै २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूलही केला. भेदरलेल्या मुलींनी खोलीचं दार लावून बसणं हा पुरावा कसा होतो?